एका पाटीवर एकच चित्र

आमच्या मुरुम गावचा निवृत्ती पेंटर पाटी रंगवण्याआधी दुकानासमोर दोन दिवस नुसता बसून राहायचा. ब्रश नाही, डबा नाही. विडी ओढत गिऱ्हाइकं न्याहाळायचा. माझ्या नव्या किराणा दुकानासमोर बसला, तेव्हा लोकांना वाटलं, साध्या वेशातला पोलीस आलाय.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "पाटीवर काय पायजे?"

मी सांगितलं. वर लक्ष्मी, दोन्हीकडं हत्ती, मधे माझं अख्खं नाव आणि खाली 'आमचे येथे' म्हणून पंधरा जिनसा.

"दुकान काढलंय का लग्नपत्रिका? तुमच्या गिऱ्हाइकात वाचता येणारी चार टाळकी. बाकीच्या बाया काय बघून येत्याल? एका पाटीवर एकच चित्र. गुळाची ढेप. बास!"

दुकान चाललं. गाव मात्र मला 'ढेपशेठ' म्हणू लागलं. पाटीमुळं दुकान चाललं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याच्या डोक्यात आधीच लई हवा होती.

दुष्काळात दूध सोसायटी निघाली. चेअरमनसाहेबांना पाटीवर धष्टपुष्ट जर्सी गाय हवी होती. यानं बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तांबडी गाय काढली. उद्घाटनाला पडदा सरला आणि टाळ्यांऐवजी हशा पिकला.

"ही कुणाची गाय?" चेअरमन गरजले.

"तुमच्या सभासदाची. सोसायटीत जाड तुमी एकलेच. तुमाला काढू का?"

सोसायटीचं काम कायमचं तुटलं. हा शहाणा ते फुशारकीनं गावभर सांगत फिरला. घरात चूल पेटती का, याची याला फिकीर नाही, असं आम्ही म्हणायचो.

एकदा पाटीला पुन्हा रंग द्यायचा म्हणून मी त्याच्या घरी गेलो. पेंटर चुलीपाशी बसून पत्र्याच्या डब्यावर मिरची रंगवत होता. फळीवरच्या सगळ्या डब्यांवर चित्रं होती.

"हिला अक्षर येत न्हाय," तो बायकोकडं, सोनाबाईंकडं बघत म्हणाला. "आता नजर बी कमी झाली. दरसाल चित्र वाढवावं लागतंय."

मिरची वाढून डब्याएवढी झाली होती.

तो हात धुवायला बाहेर गेला. सोनाबाईंनी एक डबा उघडून हुंगला, ठेवला, दुसरा हुंगला. मी बघतोच आहे, हे त्यांना कळलं असावं.

"मला कायबी दिसत न्हाय, दादा," त्या हळूच म्हणाल्या. "वासानं वळकते. त्येंना बोलू नका. लई हौसेनं काढत्यात."

पेंटर आत आला. "कशी झाली मिरची?"

"झ्याक," भलत्याच डब्याकडं तोंड करून त्या म्हणाल्या. "लांबनंच दिसतीया."