जावयाची मिलिटरी जीप

सोलापूरच्या लिलावात लढाईतून उरलेली मिलिटरी जीप मी घेतली, तेव्हाच मनाशी म्हटलं, बलभीमराव, शिवगंगा आता आपलीच! तामलवाडीच्या दगडोबांनी चारचौघांत सांगितलं होतं, "बैलगाडीवाल्याला माजी पोरगी देनार न्हाय!" घ्या मग! अख्खं लष्करच आणतो तुमच्या दारात!

चालवायला मी, डोक्याला कोरा फेटा, आणि शेजारी ढोकीचा आयुब मिस्त्री.

"मालक, यकदा बंद पडली तर ढकलायला गाव लागंल," आयुब म्हणाला. "थांबायचं नाव काडू नका."

"आन् ब्रेक?"

"ब्रेक हाय की! पन त्याच्या मर्जीवर."

तेव्हा सोलापूर मुंबई राज्यात आणि आम्ही हैदराबादेत. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. मालाचा कागद दाखवा, मगच बांबू वर! कागद आयुबच्या खिशात होता, पण थांबणार कोण? मी लांबूनच हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. नाकेदार धावत आला, मिलिटरीची गाडी बघून बांबू वर केला आणि खाडकन सॅल्यूट ठोकला! मीही ठोकला. जन्मात पहिल्यांदा मला कुणी सॅल्यूट केला हो! काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं.

तामलवाडीत शिरलो तर पटापट कवाडं बंद! त्या वर्षी लेव्ही जोरात होती. सरकारला घालायची ज्वारी जो तो दडवायचा, आणि खाकी जीप म्हणजे झडती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त होणाऱ्या जावयाला!

दगडोबांच्या दारात ब्रेकची मर्जी झाली, इंजिन मात्र मी चालूच ठेवलं. समोर त्यांची बायको नागूबाई हात जोडून उभी.

"मालक घरी न्हाईत, सायेब! ज्वारी न्हाय, बाजरी न्हाय, काय बी न्हाय!"

"अहो मामी, मी शिवगंगेला बघायला..."

"ती बी न्हाय!"

ती खिडकीतून डोकावत होती, मला दिसत होती! म्हटलं, जरा ऐटीत गाडी वळवून दाखवावी. गाडी वळली नाही, उलटी निघाली. मी ब्रेकवर उभा राहिलो, आयुब माझ्या पायावर उभा राहिला. धडाम! अंगणातली कडब्याची गंज ढासळली, इंजिन गप्प झालं आणि आत ज्वारीच्या पोत्यांवर डोळे गच्च मिटून बसलेले दगडोबा दिसले.

"समदी पोती घ्या सायेब, पर मला नेऊ नका!"

"मामा, मी बलभीम! तुमचा होणारा जावई!"

दगडोबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. "जावई? त्यापरीस लेव्हीवाला परवडला असता!"

"मग बोलावू का त्याला?"

मागं सायकल धरून घामाघूम नाकेदार उभा! फेटेवाला मिलिटरी साहेब काही त्याच्या पचनी पडला नव्हता. त्यानं आयुबकडचा कागद बघितला. "हा बरोबर आहे," तो म्हणाला, आणि पोत्यांकडं वळला. दगडोबा आणि मी दोघंही आभाळाकडं बघू लागलो.

पोती तुळजापूरच्या सरकारी गोदामात न्यायचं ठरलं. कशातून? माझ्याच जीपमधून! सगळं गाव हसत ढकलायला आलं. शिवगंगाही पदर खोचून आली आणि सगळ्यांत जोरात ढकलू लागली. मला काय आनंद झाला म्हणता! मी वळून हळूच विचारलं, "गाडी आवडली का?"

"लई झ्याक हाय," ती म्हणाली. "पर जल्मभर ढकलायला मीच का?"

तेवढ्यात इंजिन धडधडलं. लोक तामलवाडीहून बायको घेऊन जातात. मी पोती घेऊन निघालो!