एकवीस दिवस बसवलेला गुरुजी

सायकलीच्या बाबतीत आमच्या भागात माझा हात धरणारा कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं. हँडल सोडून मी तंबाखू मळत असे. मागं दळणाचा डबा, पुढं भाजीची पिशवी आणि तोंडानं अडीचकीचे पाढे, अशा थाटात मी चारठाण्याच्या बाजारातून घरी येई. त्यामुळे १९७५ च्या सव्वीस जानेवारीला सेलू ते चारठाणा आणि परत अशी सायकल शर्यत आहे, असं हँडबिल हातात पडलं, तेव्हा मी त्यातले नियम वाचलेच नाहीत. बक्षीस तेवढं वाचलं. पहिलं बक्षीस, एक नवी कोरी सायकल!

"आली म्हणून समज," मी सत्यशीलाला म्हणालो. सत्यशीला म्हणजे आमच्या मंडळी.

"आल्यावर समजू," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

सायकलीची आमच्या घरात फार निकड होती. घर एक, नोकऱ्या दोन आणि सायकल एक. माझी प्राथमिक शाळा गावापासून उगवतीला दोन मैल, तिची बालवाडी मावळतीला तीन मैल. सायकल अर्थातच मला! ती चालत जाई. बालवाडी साडेसातला भरायची. पाणी भरून, भाकरी थापून, खडी तुडवत ती पोचेपर्यंत पावणेआठ व्हायचे. तपासणीला येणाऱ्या सरजाबाईंनी दोनदा लेखी समज दिली होती. तिसऱ्यांदा उशीर झाला तर जागा दुसरीला देऊ, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. सत्यशीला नववीपर्यंत शिकलेली. या नोकरीचा हुकूम आला त्या दिवशी ती रडली होती, आणि ती सहसा रडणारी बाई नाही.

माझा बेत सोपा होता. शर्यत जिंकायची, नवी सायकल मला आणि जुनी तिला.

आता रस्ता. तो बहात्तरच्या दुष्काळी कामावरचा. लोकांनी हातानं खडी फोडली आणि अंथरली. वर डांबर पडणार होतं, ते अजून पडायचं आहे. त्यावरून सायकल नेली की दातसुद्धा वाजतात. अशा रस्त्यावर तीसेक मैलांच्या शर्यतीची तयारी कशी करतात, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण शर्यत म्हणजे काय हे जाणणारा एक माणूस होता, किशनराव. त्यांच्या बैलजोडीनं तीन वर्षं शंकरपट मारला होता. बैलांच्या शर्यतीतला त्यांचा शब्द पंचक्रोशीत कोणी खाली पडू देत नसे.

किशनराव आपणहून घरी आले. मला उभं केलं, भोवती एक फेरी मारली, मांड्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "गुरुजी, आ करा."

मी आ केला.

"दात बरे हायेत. किती दिस ऱ्हायले शर्यतीला?"

"बावीस."

"मंग उद्यापासून बसायचं."

"सायकलवर?"

"सायकलवर कशाला? खाटंवर. पटाचा बैल एकवीस दिस जुपत न्हाईत, गुरुजी. ताकद साठवायची आसती. रोज पळवला तर पटाच्या दिवशी त्याच्यात उरतंय काय?"

मी सातवीला गणित शिकवणारा माणूस. हिशेब मला बिनतोड वाटला. सत्यशीला मात्र चुलीपुढून म्हणाली, "पर हे बैल न्हाईत."

"बाई, तुमी फिकीर करू नका," किशनराव म्हणाले. "एकवीस दिसात करतो."

दुसऱ्या दिवसापासून माझा खुराक चालू झाला. पहाटे भिजवलेले उडीद आणि गूळ, वर सहा कच्ची अंडी. मग किशनराव स्वतः करडीच्या तेलानं माझे पाय चोळत. दुपारी शेरभर दूध, संध्याकाळी शेरभर दूध. सरकीला तेवढं मी नाही म्हणालो, तर त्यांना वाईट वाटलं. चालायची बंदी. शाळेत न्यायला त्यांची बैलगाडी दारात. शाळेत मी खुर्चीत आणि फळा माझ्याजवळ ओढलेला. सायकल किशनरावांच्या गोठ्यात. "गाडीलाबी इसावा पायजे," ते म्हणाले. गोठ्याची व्यवस्था त्यांच्या मंडळींकडं, म्हणजे चतुराबाईंकडं होती.

दहाव्या दिवशी पँटचं बटण तुटून भिंतीवर लागलं. किशनरावांनी ते उचलून कपाळाला लावलं. "अंगावर आला," म्हणाले.

मलाही आतून काहीतरी साठतंय असं वाटायला लागलं. काय साठतंय ते पुढं कळलं.

सत्यशीलात त्या दिवसांत काही बदल झाले. ती पाचवारी सोडून काष्ट्याचं लुगडं नेसायला लागली. एकदा लुगड्याला काळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, "तव्याचा." एकदा कोपराला हळद बांधली होती. म्हणाली, "शेळीनं पाडलं." सरजाबाई अचानक तपासणीला आल्या तेव्हाही ती बालवाडीत वेळेवर हजर होती. मी खाटेवर पडल्या पडल्या विचार केला, की बिचारी माझ्या शर्यतीच्या काळजीनं पहाटे लवकर उठत असेल. मला भरून आलं, पण किशनरावांनी भावना आवरायला सांगितलं होतं. त्यातही ताकद जाते म्हणे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी किशनरावांनी सायकल बाहेर काढली, बैलगाडीच्या आसाला घालतात ते काळं, दाट वंगण नळकांड्यातून काढून साखळीत आणि चाकांच्या तुंब्यांत ठासलं. हँडलला घुंगरमाळ बांधली. सकाळी पाहतो तो वंगण गायब आणि सायकलीला रॉकेलचा वास.

"धुतली," सत्यशीला म्हणाली. "ह्याच्यावर फुफाटा बसला की चाक जागचं हलायचं न्हाई. आन ती माळ तुमीच काडा, म्या काडली तर किशनराव रुसतील."

हे तिला कुठून कळलं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. पोटात सहा अंडी होती.

सेलूला आम्ही बैलगाडीतून गेलो. सायकलही गाडीत, तिचीही ताकद राखायची होती. पुढं हलगी. सेलूत एकेचाळीस सायकलवाले जमले होते, बहुतेक काटक्यांसारखे. त्यांच्यात मी भरल्या पोत्यासारखा उभा होतो, आणि मला त्यांची कीव आली. माझा नंबर सतरा.

शिट्टीला पंधरा मिनिटं होती तेव्हा किशनरावांनी बांबूची नळी काढली. "आता शेवटचं. पटाच्या आधी बैलाला पाजतोत ते."

"काय आहे?"

"पावशेर करडीचं तेल. गूळ हाय त्याच्यात."

सत्यशीला म्हणाली, "पिऊ नका."

मी तिच्याकडं पाहून हसलो आणि प्यालो.

पाच मिनिटांत पोटातून आवाज आला. शेजारच्या नंबर सोळानं वळून पाहिलं. दुसऱ्या आवाजाला मी सायकल सोडली, चहाच्या टपरीवरचं टमरेल न विचारता उचललं आणि शेजारच्या ज्वारीत शिरलो. एकवीस दिवसांची साठवलेली ताकद होती ती. ज्वारीत बसल्या बसल्या मला शिट्टी ऐकू आली, लोकांचा गलका ऐकू आला, आणि तो गलका लांब लांब गेला. सत्यशीलाची नोकरी गेली, हे मला तिथं बसून कळलं. रडू आलं, पण तेवढीही सवड नव्हती.

बाहेर आलो तर सायकल जागेवर नाही. किशनराव जमिनीवर बसलेले.

"सायकल चोरली!" मी ओरडलो.

"बाईनं न्हेली," किशनराव म्हणाले.

शर्यतीचे चिटणीस आबासाहेब जीपमध्ये चढत होते. त्यांच्या हातात हँडबिल होतं आणि ते पुन्हा पुन्हा वाचत होते. "काय बाई हाय हो तुमची, गुरुजी," ते म्हणाले. "म्या म्हणलं, बाई, ही शर्यत हाय. तर म्हणाली, मंग मी काय हळदीकुंकवाला आले का? म्हणलं, बायाला न्हाई चालत. तर म्हणाली, कुठं लिवलंय दाखवा. अठरा वर्सं पूर्ण पायजेत, ब्रेक पायजे, घंटी पायजे, एवढंच लिवलंय. बाया येतील असं कुणाच्या ध्यानात येतंय हो? तिनं घंटी वाजवून दाखवली आन गेली."

आम्ही जीपमध्ये बसलो. मी, किशनराव, आबासाहेब आणि टमरेल. जीप दर मैलाला माझ्यासाठी थांबत होती, तरी पंक्चर झालेले, साखळी पडलेले, खडीत लोळलेले नंबर मागं पडत होते. एकतीस, चार, अठ्ठावीस. सतरा कुठं दिसेना.

मग दिसली. काष्टा मारलेला, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पाठ ताठ. रस्त्याच्या मधोमध सगळे दणके खात होते, आणि ही अगदी कडेनं, वीतभर पट्ट्यातून, सुईत दोरा ओवावा तशी चालली होती. ती उठून पायडल मारत नव्हती, घाई करत नव्हती. चाक जसं काही तिला विचारून फिरत होतं. माझा आ वासला तो वासलाच. मी नऊ वर्षं सायकल चालवतो, आणि सायकल चालवणं काय असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तरी सवय कुठं जाते? जीप जवळ गेल्यावर मी मान बाहेर काढून ओरडलो, "मधून चालव, मधून!"

तिनं वळूनही पाहिलं नाही. "मधी मोठी खडी हाय. मुकादमानं तशीच टाकली. ही कडंची आमी फोडलेली हाय, मी आन आईनं. बारीक हाय."

मी मान आत घेतली. दुष्काळात ती खडी फोडायला जात होती हे मला माहीत होतं. पण ती खडी हीच, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. दोन वर्षं मी या खडीला रोज शिव्या देत होतो, आणि माझी बायको तिच्यावरून चालत कामाला जात होती. आबासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

आमच्या गावापाशी चतुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. सत्यशीलानं पाय टेकून दोन घोट घेतले. "रोज जाती तशीच जा गं," चतुराबाई म्हणाल्या, आणि ती निघाली.

"रोज?" मी विचारलं.

"रोज म्हंजे?" किशनरावांनी विचारलं.

"एकवीस दिस न्हेली की तिनं," चतुराबाई म्हणाल्या. "तुमी तिकडं गुरुजीचे पाय चोळायलाव, इकडं मी तिला गोठ्यातून काडून द्यायले. पयले चार दिस लय पडली. पर थांबली न्हाई."

"आगं, गाडी बसवली हुती मी!"

"तुमाला बैल बसवायचा हुता, बसवला. गाडी कशाला बसवायची?"

किशनराव खाली पाहायला लागले. पटाच्या मैदानात त्यांना असं कोणी हरवलं नव्हतं.

एकेचाळीसपैकी सेलूला परत पोचले नऊ. सत्यशीला सातवी. पहिला आला पाथरीचा दत्तराव पहिलवान. सातव्याला बक्षीस टॉवेल, टोपी आणि नारळ. मी टॉवेलाकडं पाहिलं. तीस मैल खडी तुडवून बाईला टोपी! नोकरीचं काही खरं नव्हतं.

आबासाहेबांनी पहिल्या बक्षिसावरची चादर काढली. नवी कोरी सायकल, निळी. पण दांडा खाली वाकलेला, मागच्या चाकाला जाळी, पुढं टोपली. दुकानदारानं देणगी दिली होती. लेडीज सायकल सेलूत तीन वर्षं कोणी घेत नव्हतं, म्हणून दिली होती.

दत्तरावांनी सायकलीकडं पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्याच्यावर बसून मी पाथरीत जाऊ? तालमीपुढून? मला ते दुसरं बक्षीस द्या, घड्याळ."

"मंग सायकल दुसऱ्याला," आबासाहेब म्हणाले.

दुसरा म्हणाला, त्याचं लग्न ठरलंय. त्यानं तिसऱ्याचा स्टोव्ह घेतला. तिसऱ्यानं चौथ्याची बॅटरी घेतली, चौथ्यानं पाचव्याचा कंदील, पाचव्यानं सहाव्याची घागर. सहावा जरा घुटमळला. टोपलीला हात लावून पाहिला. मग लोक हसले आणि त्यानं टॉवेल, टोपी, नारळ उचलून बगलेत मारला.

राहिली सायकल. राहिली सत्यशीला.

ती पुढं गेली, घंटी वाजवून पाहिली, चाक उचलून फिरवलं. मग तिथंच, सगळ्या सेलूसमोर, पदर तोंडाला लावून रडली. हे मी दुसऱ्यांदा पाहिलं.

किशनराव माझ्या कानाशी म्हणाले, "इसाव्याचा गुण हाय, गुरुजी. फकस्त बैल चुकला."

सोमवारी ती साडेसातच्या आत बालवाडीत हजर होती. तिथून ती दुपारी परत आली, कारण मला चारठाण्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पोट अजून ठिकाणावर नव्हतं, पायात त्राण नव्हतं, आणि किशनरावांची बैलगाडी मी आता आयुष्यात नको म्हणालो होतो. तेव्हा मी निळ्या सायकलीच्या कॅरिअरवर बसलो. रस्त्यात लोक थांबून पाहत होते. सिताराम दूधवाला तर खाली उतरूनच पाहत राहिला.

"गुरुजी, शर्यतीची तयारी का?" त्यानं विचारलं.

उताराला मी मागून म्हणालो, "आता ब्रेक दाब हळूच."

"गुमान बसा," सत्यशीला म्हणाली, "आन हलू नका."

मी हललो नाही. बसायचा मला एकवीस दिवसांचा सराव होता.