लाल तळं आणि सख्खी बहीण

खऱ्या माणसाने आवाज चढवला की खोटं आपोआप गळून पडतं, असं बाळ्याचं ठाम मत होतं. या मतापायी आजवर त्याचे दोन भागीदार आणि एकदा भर सभेत स्वतःची कवळी गळून पडली होती. मत मात्र शाबूत होतं.

बाळ्याचं वय बावन्न, धंदा मासे पाळण्याचा. त्याची सख्खी ताई पाण्यातल्या प्राण्यांच्या रोगांची शास्त्रज्ञ. रोग पुढे कुठे पसरू शकेल, याचे नकाशे ती करायची. त्या दिवशी पेपरात तिचा नकाशा आला, आणि त्यात बाळ्याचं तळं लालभडक! दुपारी मासे घेणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला, "यंदा राहू द्या."

बाळ्याचं डोकं असं तापलं की त्यावर चहा उकळला असता! तळ्यातले सहा टवटवीत मासे बादलीत घालून तो थेट ताईच्या प्रयोगशाळेत घुसला.

"ताई! लहानपणी माझा खाऊ पळवलास, आता धंद्यावर उठलीस?"

"अरे बाळ्या, तो नकाशा..."

"नकाशा गेला खड्ड्यात! रोग दाखव! कुठंय रोग?"

"तेच सांगतेय. थांब, दुसरा नकाशा आणते."

"आणखी एक? आता काय, माझं घरही रंगवणार?"

ताई कपाळाला हात लावून आत गेली. बाळ्याला धीर कुठला! समोर काचेची मोठी टाकी होती. तिच्यातले मासे कोपऱ्यात कलंडून पडले होते. एरवी काठावरून आजारी मासा ओळखणारा बाळ्या, पण रागाच्या भरात त्याला ती निव्वळ सरकारी सुस्ती वाटली.

"बघा रे!" तिथल्या कारकुनाला आणि मदतनिसांना ओरडून सांगत त्याने बादली टाकीत उपडी केली. "याला म्हणतात मासे!"

"अहो, त्या टाकीत..." कारकून चाचरला.

"तू गप!"

मासे सळसळत फिरले. सगळ्यांनी पाहिल्याची खात्री झाल्यावर बाळ्याने ते जाळीने पुन्हा उपसले, टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं आणि तरातरा निघाला.

वाटेत ताईचा फोन आला. त्याने कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. आता माफी मागायचीय काय? मागू दे! तळ्यात बादली रिकामी केली, मासे खोल पाण्यात दिसेनासे झाले, तेव्हा कुठे त्याने फोन उचलला.

"हं! म्हण, चुकलं!"

"बाळ्या, ते मासे तळ्यात सोडू नकोस! त्या टाकीत रोगी मासे ठेवलेत!"

बाळ्याने तळ्यात डोकावून पाहिलं. पाणी अगदी निवांत होतं.

"मग... मग काय झालं? तू तर आधीच लाल केलंयस ना तळं!"

"तो बेडकांच्या रोगाचा नकाशा होता, बाळ्या. माशांच्या नकाशात तुझं तळं हिरवं होतं. तोच आणायला आत गेले होते."

सध्या ते दोन्ही नकाशांत लाल आहे.