सासूबाईंची कवळी

सासूबाई सकाळपासून तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या, आणि जावयाची खात्रीच पटली की आपल्या अंगाला वास येतोय.

तसा तो दोनदा साबण लावून अंघोळ करून आला होता. पण नोकरी गावाचं सांडपाणी साफ करणाऱ्या केंद्रावर, आणि सासूबाई पहिल्यांदाच मुक्कामाला आलेल्या. जावई काय करतात असं कुणी विचारलं, की त्या "पाण्याच्या खात्यात आहेत" म्हणत. कुठलं पाणी, हे सांगत नसत. त्याने मुकाट्याने तिसऱ्यांदा अंघोळ केली.

बायको कामाला गेल्यावर त्याने धीर केला. "आई, माझं काही चुकलं का?"

सासूबाईंनी रुमाल काढला. गाल पार आत गेले होते.

"फिंक आली हो," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "कवळी गेली... फंडाफात."

"मग?"

"घाबरून पाणी फोडलं. कुणाला फांगू नका हं. लेकीलाफुद्धा नाही."

"आई, तिथं गेलेलं सगळं शेवटी माझ्याकडेच येतं," तो म्हणाला, आणि सायकल काढून निघाला.

केंद्रात पाणी आधी एका लोखंडी जाळीतून जाई. चिंध्या, पिशव्या, सगळं तिथं अडे. पण सकाळच्या लोंढ्यात जाळी दिसतच नव्हती. त्याने गावाला पाणी सोडणाऱ्या पंपवाल्याला फोन केला. "जरा तासभर नळ बंद कर ना. एक वस्तू शोधायचीय."

"कसली?"

"आहे एक. मौल्यवान."

पंपवाला मुळात सरळ माणूस. नळ बंद करण्याआधी लोकांना कळवायला हवं म्हणून त्याने कर्ण्यावरून पुकारलं: केंद्रात मौल्यवान वस्तू सापडायची आहे, पाणी बंद होणार. झालं! पाणी जाणार म्हणून घरोघरी बादल्या भरल्या, कपडे भिजले, म्हाताऱ्यांना धरधरून अंघोळी घातल्या. लोंढा दुप्पट झाला. आणि हात पुसत पुसत अर्धं गाव केंद्राच्या कठड्याशी येऊन उभं राहिलं.

"सोनं आहे म्हणे," शिंपी म्हणाला.

पाणी ओसरलं. जावयाने लांब दांड्याचं दाताळं जाळीवरून ओढलं. चिंध्यांच्या गुंत्यातून गुलाबी हिरड्यांची कवळी वर आली आणि सगळ्या गावाकडे बघून हसली.

"कुणाची रे ही?"

गर्दीच्या मागे त्याला रुमाल दिसला. कर्णा ऐकून सासूबाईही आल्या होत्या, आणि तो तोंडावर घट्ट दाबून उभ्या होत्या.

"माझी," जावई म्हणाला.

"तुझी?" शिंपी पुढे झाला. "मग तोंडात आहेत ते कुणाचे?"

"हे... रोजचे आहेत. ती ठेवणीतली."

असा हशा पिकला, की कठड्यावरचे बगळे उडाले. "ठेवणीतले दात!" जो तो त्याच्या पाठीवर थाप मारू लागला. तो खाली मान घालून कवळी धूत राहिला.

"गप बफा!"

लोक वळले. सासूबाई रुमालाशिवाय गर्दीतून पुढे येत होत्या.

"कवळी माझी आहे! फिंकताना पडली. तुमचं कधी काही पडलं, तर काढायला कोण उतरतं? हफताय काय?"

शिंप्याने टोपी काढली.

घरी जाताना सायकल हातात धरून तो चालत होता आणि सासूबाई अखंड बोलत होत्या. लाज गेल्यामुळे की काय, वेगही वाढला होता. त्यातलं निम्म्याहून अधिक त्याला कळत नव्हतं. पण त्या थांबून त्याच्याकडे बघत, तेव्हा तो प्रेमाने "हो आई" म्हणत होता.

संध्याकाळी बायको आली. आईचं बोलणं तिला मात्र बरोबर कळलं. ऐकता ऐकता तिने डोळे पुसले, आणि मग नवऱ्याकडे वळली.

"ती कवळी आई आता तोंडात घालायची नाही. नवी होईपर्यंत इथंच राहणार आहे. आणि रविवारी तिच्या सगळ्या मैत्रिणींना बोलावून केंद्र दाखवणार आहे, जाळीपासून. जेवण तुम्ही करणार म्हणे."

"मी?"

"तुम्ही तीनदा हो म्हणालात."