साडेसहाचा फोन

व्हर्लिन स्टॉक्सडेल घरात पाऊल टाकायचा आणि त्याची नऊ महिन्यांची मुलगी भोकाड पसरायची.

यात त्याचा दोष एवढाच, की तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा आणि तोही दाढी वाढवून. हॅटीच्या लेखी टपालवाला त्याच्यापेक्षा जवळचा होता; तो निदान रोज खिडकीतून दिसायचा. पण हाच बाप रोज संध्याकाळी साडेसहाला फोनवर आला की हॅटी खिदळायची. आजी ओपल स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या जुन्या पिवळ्या फोनचा रिसीव्हर तिच्या कानाला लावायची, आणि पलीकडून, ओमाहाच्या नाहीतर टल्साच्या कुठल्याशा ट्रकतळावरून, व्हर्लिन म्हणायचा, "हॅटीबाई, आज मी किनई एक गाय बघितली. अगदी तुझ्या आजीसारखी रोखून बघत होती माझ्याकडे." हॅटी रिसीव्हर चाटायची. थोडक्यात, हॅटीचा बाप पिवळा होता, भिंतीवर टांगलेला होता आणि त्याला वेटोळ्यांची वायर होती.

हे व्हर्लिनला फार लागायचं. ट्रक त्याचा स्वतःचा. पण सात वर्षं तो ग्रेबिलसाहेबांच्या कंपनीला लावलेला. ट्रकच्या दारावर नाव ग्रेबिलचं, मालवाहतुकीचा परवाना ग्रेबिलचा, आणि ग्रेबिल सांगतील तिकडे जायचं. स्वतःच्या नावाचा परवाना काढला तर माल आपण निवडायचा, आणि निवडायचा तो असाच, की शुक्रवारच्या जेवणाला घरी. असा त्याचा बेत होता. अडचण एकच. परवाना यायला महिनाभर लागणार, आणि करारात लिहिलेलं, की व्हर्लिनला सोडायचं असेल तर त्यानं महिनाभर आधी पत्र द्यावं. ग्रेबिलसाहेबांना सोडायचं असेल तर त्यांनी नुसतं 'सोड' म्हणावं. त्यांना आधीच कुणकुण लागली आणि त्यांनी रागाच्या भरात दारावरचं नाव काढून घेतलं, तर ट्रक अंगणात उभा. म्हणून परवाना हातात येईपर्यंत चिडीचूप राहायचं, असं ठरलं.

एका रविवारी त्याची बायको नोरीन मांडीवर लॅपटॉप घेऊन अर्ज भरायला बसली. शेजारी हॅटी उंच खुर्चीत बसून केळं केसांना लावत होती.

"फोन नंबर?" नोरीननं विचारलं.

"माझा नको. मोबाइल ग्रेबिलच्या कंपनीचा आहे."

"मग माझा देते."

"वेडी आहेस का? सगळे ड्रायव्हर सांगतात, अर्ज गेला रे गेला की नंबर जगजाहीर होतो. विमेवाले, टायरवाले, डिझेलची कार्डं विकणारे, सगळे तुटून पडतात. तू वर्गात शिकवशील काय आणि फोन घेशील काय?"

दोघांनी एकदमच मान वळवून भिंतीवरच्या पिवळ्या फोनकडे बघितलं.

"द्या की माझा," ओपल भांडी पुसता पुसता म्हणाली. "नाहीतरी तो दिवसभर गुंतलेलाच असतो."

हे खरं होतं. ओपल आणि तिची बहीण बर्निस सकाळी नऊला फोनवर बसायच्या, त्या गावातलं सगळं आवरूनच उठायच्या. विकणाऱ्यांनी खुशाल फोन करावा, लाइन गुंतलेलीच मिळणार. चार दिवसांत कंटाळतील बिचारे! हा डाव व्हर्लिनला इतका आवडला की त्यानं सासूच्या गालाचा मुका घेतला आणि सोमवारी पहाटे शीळ घालत तो निघून गेला.

त्याच सोमवारी बर्निस थंडीचे महिने काढायला ऊबदार ॲरिझोनाला गेली, आणि तिथे पोचल्या पोचल्या गोल्फ शिकायला लागली.

मंगळवारी सकाळी सातला पहिला फोन आला.

"अभिनंदन मॅडम! नव्या वाहतूक कंपनीच्या मालक आपणच ना?"

"नाही रे बाळा, मी सासू."

"टायर हवेत का? अगदी स्वस्तात लावतो."

"किती लागतात रे?"

"अठरा."

"अगंबाई, अठरा! आणि तू न्याहारी केलीस का? आवाज खोल गेल्यासारखा येतोय."

ओपलनं जन्मात कधी फोन स्वतःहून ठेवला नव्हता. त्या गावात पाहुणा 'बरं तर' म्हणून उठला की दारात अर्धा तास, पायरीवर पाव तास आणि मग गाडीच्या काचेला टेकून वीस मिनिटं, हे ठरलेलंच. मग इतक्या लांबून बोलणाऱ्या पोराला तोंडावर कसं तोडायचं? संध्याकाळपर्यंत एकतीस फोन झाले. ओपलचे गाल गुलाबी झाले होते.

साडेसहाला पुन्हा घंटा वाजली. "आला गं तुझा बाबा!" म्हणत ओपलनं रिसीव्हर हॅटीच्या कानाला लावला.

"अभिनंदन! आमच्या विम्याखाली आपला ट्रक, ट्रेलर आणि त्यातला माल..."

हॅटीनं ऐकून घेतलं. तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. तिकडे टल्साच्या ट्रकतळावर व्हर्लिन पाच वेळा नंबर फिरवून गुंतलेल्या लाइनची टूं-टूं ऐकत होता. सांगायला आज त्याच्याकडे चक्क शहामृग होता.

बुधवारी साडेसहाला डिझेलचं कार्ड आलं. गुरुवारी तर माणूससुद्धा नव्हता. एक यंत्रच पत्र्याच्या आवाजात बोललं. हॅटीनं असा हंबरडा फोडला की यंत्र गप्प झालं. त्यानंतर नुसती घंटा वाजली तरी ती आजीच्या खांद्यात तोंड खुपसून किंचाळायची. व्हर्लिनला हे कुणी सांगितलं नाही. उगाच वाईट वाटेल.

तो बिचारा आता दुपारच्या सुट्टीत नोरीनच्या मोबाइलवर फोन करायचा. "एवढं कोण बोलतंय गं आपल्या फोनवर?"

"सगळा देश," नोरीन म्हणाली.

घरी आल्यावर तिनं आईला धरलं. "आई, सरळ ठेवून द्यायचा."

"कसा ठेवू? डॅरेलच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"कोण डॅरेल?"

"टायरवाला गं. फार गुणी आहे. त्याला सगळं सांगते मी. व्हर्लिन पोरीसाठी किती झुरतो ते पण सांगितलं, तर रडायलाच लागला."

पुढच्या सोमवारी मात्र ओपलचाही घसा बसला, आणि तिला एक सोपी वाट सुचली. जो तो विचारत होता, तुमचे जावई किती वर्षं चालवतात, अपघात किती, माणूस कसा. तिनं मनाशी म्हटलं, हे आपल्यापेक्षा ज्याला नक्की ठाऊक आहे त्यालाच विचारलेलं बरं. आणि दुपारपर्यंत तिनं एकोणीस जणांना गोड आवाजात ग्रेबिलसाहेबांच्या ऑफिसचा नंबर देऊन टाकला.

गुरुवारी जेवताना तिनं हे सहज सांगितलं, तेव्हा नोरीनच्या हातातला चमचा बटाट्यात उभाच राहिला.

शनिवारी व्हर्लिन घरी आला, हॅटी नेहमीप्रमाणे रडली, नोरीननं त्या एकोणीस जणांचं सांगितलं, आणि तो खिशात काम सोडण्याचं पत्र आणि हातात ओपलनं दिलेला सफरचंदाचा केक घेऊन ग्रेबिलसाहेबांकडे गेला. ग्रेबिलसाहेब म्हणजे सहा फुटी, पांढऱ्या भुवयांचा, कमी बोलणारा गृहस्थ. त्यांनी केक बघितला, खुर्ची दाखवली. मग दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

"यंदा मका बरा आहे," ग्रेबिलसाहेब म्हणाले.

"बरा आहे."

"गेल्या वर्षी बरा नव्हता."

"नव्हता."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. ग्रेबिलसाहेब हलले नाहीत.

"उचलत नाही का साहेब?"

"नको. अभिनंदन करतात."

व्हर्लिननं खिशातलं पत्र चाचपलं. "कुणाचं?"

"तुझं. सोमवारपासून चाललंय. एकानं विचारलं, माणूस कसा आहे. मी म्हटलं, सात वर्षांत एकही खेप उशिरा पोचवली नाही. तर तो मला म्हणतो, मग अशा माणसाला तुम्ही सोडता कसे?" ग्रेबिलसाहेबांनी केकचा तुकडा कापला.

व्हर्लिननं पत्र काढून टेबलावर ठेवलं. त्याला सफरचंदाचा डाग पडला होता. "मी सांगणारच होतो, साहेब."

"परवाना आल्यावर. तोवर हा म्हातारा दारावरचं नाव उपटून नेईल म्हणून भ्यालास ना?"

ग्रेबिलसाहेबांनी खण उघडून एक कागद त्याच्यापुढे सरकवला.

"सोमवारी दहाला पहिला फोन आला. तुझी सूचना मला तेव्हाच मिळाली असं लिहून ठेवलंय. महिना त्या दिवसापासून धरायचा, म्हणजे परवान्यानंतर तुला फार थांबावं लागणार नाही. पोरीसाठी चाललंय ना हे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"टायरवाल्यानं. दोनच अटी आहेत माझ्या. सासूबाईंना म्हणावं, माझा नंबर वाटू नका. आणि..." ते जरा अडखळले, "त्याच्या आईचा गुडघा कसा आहे ते कळवत जा."

निरोप घ्यायला त्या दिवशी सव्वा तास लागला.

परवाना आला. व्हर्लिननं ट्रकच्या दारावर चिकटवलेलं नाव गरम हवेनं सोडवून, घडी न पाडता ग्रेबिलसाहेबांना परत दिलं आणि तिथे आपलं नाव लावलं. स्वतः निवडलेली पहिली खेप मिनेसोटाला ओट्सची होती. शुक्रवारी सहा वाजून वीस मिनिटांनी तो अंगणात परत हजर! वाटेत त्यानं दाढी केली होती आणि एक युक्ती योजून ठेवली होती. पोरीला चेहरा परका वाटतो, पण आवाज तर ओळखीचा आहे. मग आधी आवाज आत पाठवायचा, आणि त्याच्या मागोमाग बोलत बोलत आपण जायचं. घरात मोबाइलला रेंज नव्हती. ती मिळायची अंगणात आणि फार तर दारापर्यंत. बरोब्बर साडेसहाला त्यानं आपल्या नव्या मोबाइलवरून घरचा नंबर लावला.

आत घंटा वाजली, आणि पाठोपाठ अशी किंकाळी आली की कोठीवरची कबुतरं उडाली.

व्हर्लिन फोन तसाच खिशात टाकून धावला. दारातून बघतो तर ओपल हॅटीला कडेवर घेऊन नेहमीच्या अगत्यानं फोनकडे निघालेली, आणि हॅटी लालबुंद होऊन मागे मागे झुकत, दिसेल त्याला वाचवायला बोलावतेय. तिची नजर दारातल्या माणसावर पडली. हा माणूस परका होता खरा. पण तो फोनच्या बाजूला नव्हता.

तिनं दोन्ही हात पसरून सगळं अंग त्याच्याकडे झोकून दिलं.

व्हर्लिननं झेललं. तिनं त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली, ओलं नाक त्याच्या गुळगुळीत गालाला पुसलं आणि एक मोठा हुंदका गिळून गप्प झाली. "हॅटीबाई," तो कसाबसा म्हणाला, "आज मी किनई..." आणि त्याला एकही गाय आठवेना.

घंटा वाजतच होती. ओपलनं रिसीव्हर उचलला. "हॅलो? कोण बोलतंय?" हेच शब्द व्हर्लिनच्या खिशातूनही बारीक आवाजात ऐकू आले, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ओपलनं त्या दोघांकडे बघितलं, आणि फोनवरच्या त्या मुक्या माणसाला मायेनं म्हणाली, "नंतर कर हं बाळा. तो आत्ता कामात आहे."

आणि जन्मात पहिल्यांदा तिनं फोन स्वतःहून ठेवला.