गाठ नसलेले टाके

शिवणकामात मला उपजत गती आहे, असे मी हारिमला सांगितले तेव्हा माझ्या आवाजात किंचितही कंप नव्हता. इतक्या ठामपणे मी फक्त खोटेच बोलू शकतो, हे मला पुढे उमगले.

आन्दोंगच्या आमच्या चर्चमध्ये त्या वर्षी ठरले होते, की नाताळच्या झाडावर बाजारातले काहीही टांगायचे नाही. तरुण मंडळींनी प्रत्येकी पाच कापडी वस्तू घरी, हाताने शिवून नाताळाआधीच्या रविवारी आणायच्या. हारिम ऑर्गन वाजवते. तिने हसत जाहीर केले, की ज्याचे टाके सर्वांत नेटके, त्याने नाताळच्या प्रार्थनेला तिच्याशेजारी बसून स्वरलिपीची पाने उलटायची. त्या बाकावर जेमतेम दोन माणसे मावतात. तीन वर्षे मी तो बाक मागच्या रांगेतून पाहत आलो होतो, किनाऱ्यावरच्या माणसाने बेट पाहावे तसा.

आणि तेगॉनने लगेच नाव दिले! तेगॉन गुरांचा डॉक्टर. गाईच्या पोटाला टाके घालणाऱ्याशी कापडावर स्पर्धा करायची, हा मुळातच अन्याय होता. चारच दिवसांत त्याने एक लोकरी अस्वल शिवून आणले. हारिमने ते गालाला लावून पाहिले. एखाद्या अस्वलाचा इतका हेवा वाटू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

माझी घरमालकीण ओकबुन आजी लेकीकडे देगूला गेली होती. फडताळातल्या वरच्या पेटीत रेशमाच्या चिंध्या आहेत, हव्या त्या घे, असे तिने जाताना सांगितले होते. त्या चिंध्यांचा मी एक तारा केला. तो पायाखाली आलेल्या कोळ्यासारखा दिसत होता. मग देवदूत केला. त्याचे पंख आणि माझी विजार एकाच टाक्यात शिवले गेले. रविवार उद्यावर आला. वरची पेटी रिकामी झाली होती आणि माझी बोटे चाळणीसारखी.

तेव्हा मी खालची पेटी उघडली.

आत सोनेरी, खरबरीत, तागाच्या कापडाच्या घड्या होत्या आणि सर्वांत वर पाच चिमुकल्या पिशव्या; तयार, निर्दोष, तळहातावर मावतील अशा. मी समुद्राकाठच्या बुसानचा. आन्दोंगच्या कापडातले मला काय कळणार? सुगंधी औषधींसाठी असतील, अशी मी मनाची समजूत घातली. प्रत्येकीला लाल फीत बांधली आणि त्या माझ्या झाल्या.

रविवारी हारिमने एक पिशवी उजेडात धरून कितीतरी वेळ न्याहाळली.

“यात कुठेच गाठ नाही,” ती म्हणाली. “धागा संपतो तिथेही नाही. कसं जमवलंस रे?”

“गाठ म्हणजे अडकून पडणं,” मी म्हणालो. “मला नाही आवडत.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले, देव जाणे. पण ती माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली, की मागे उभ्या तेगॉनच्या हातातले अस्वलही मला खिन्न दिसले. बाक माझा झाला! हारिमने प्रत्येक पिशवीत आल्याच्या वड्या भरल्या, एक स्वतः तोंडात टाकली आणि पिशव्या झाडावर अगदी दर्शनी टांगल्या.

नाताळच्या सकाळी ओकबुन आजी परतली, ती थेट चर्चमध्येच. झाडाशी तिच्या मैत्रिणींचा घोळका जमला होता. त्या पिशव्या उलटसुलट करून गाठ शोधत होत्या आणि ती सापडत नाही असे दिसताच पिशवी हातातून सोडत होत्या. आजीने चष्मा लावला.

“टाके सुरेख आहेत,” ती म्हणाली. “कुणाचे?”

पिशवीतली वडी चघळत हारिमने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवले. खरे बोलायला तोच क्षण होता. मी मान डोलावली.

“अगं पोरी,” आजी हारिमला शांतपणे म्हणाली, “मेलेल्याच्या कपड्याला गाठ मारत नाहीत. जीव अडकतो. गेल्या अधिक महिन्यात शिवून ठेवलं मी माझं. या एका पिशवीत माझे केस जायचेत. बाकीच्या चारांत हातापायांची नखं.”

हारिमने तोंडातली वडी हळूच रुमालात घेतली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही, आणि हेच सर्वांत वाईट होते.

“आणि तू रे, सुह्वान,” आजी म्हणाली, “एवढं छान येतंय तर लपवलंस कशाला? त्यातले फक्त माझे पायमोजे राहिलेत. डोळे चालत नाहीत आता. शनिवारपासून बस.”

मैत्रिणींपैकी तिघींनी तिथेच आपापली मापे सांगितली.

संध्याकाळी तेगॉन त्या बाकावर बसला. त्याच्या अस्वलाच्या पाठीवर वाटाण्याएवढ्या गाठी होत्या, तरी. एकदा त्याने दोन पाने एकदम उलटली. हारिमचे सूर घसरले, आणि ती चिडायच्या ऐवजी हसली. मी मागच्या रांगेत चार म्हाताऱ्यांच्या मधोमध बसून ते हसणे ऐकले.

आता दर शनिवारी मी आजीशेजारी बसतो. पायमोज्यांची पहिली जोडी तिने तीनदा उसवायला लावली. चौथ्यांदा नुसती ‘हं’ म्हणाली. गाठ न मारता शिवणे मला आता खरोखर येते.

‘कसं जमवलंस रे?’ असे हारिम मात्र पुन्हा विचारत नाही.