कापूसगडची सुधारित लढाई

कापसाचे दिवस फिरले त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचं मनोबल खचल्याचं शासनाच्या निदर्शनास आलं. भाव आणि पीक खचल्याचं आधीच निदर्शनास आलेलं होतं, पण त्यावरचे उपाय खर्चिक होते. मनोबल मात्र स्वस्तात उंचावता येतं. तेव्हा जिल्ह्याच्या गावी 'मनोबल उंचावणी कक्ष' उघडला गेला, त्याला एक कूलर आणि एक समिती मंजूर झाली, आणि मार्चअखेरच्या आत काहीतरी उंचावणं भाग पडलं.

समितीचे अध्यक्ष किसनसिंग साहेब यांना त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं सांगितलं होतं, की हल्लीची पोरं कॉम्प्युटरवर राक्षस मारत बसतात आणि जेवायलाही उठत नाहीत. जेवायला न उठणं ही गोष्ट साहेबांना जिल्ह्याच्या दृष्टीनं फार आशादायक वाटली. त्याच बैठकीत ठराव झाला, की असा एक गेम हवा.

गेम तयारच होता. बाभुळगावच्या संघर्ष नावाच्या पोरानं इमरानच्या सायबर कॅफेत बसून, लोडशेडिंग सांभाळत सांभाळत तो बनवला होता. नाव 'कापूसगड'. खेळणाऱ्यानं योद्धा, वैदू किंवा जादूगार व्हायचं, कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन जंगलातून निघायचं, वाटेत आग ओकणाऱ्या अळ्यांशी लढायचं, आणि शेवटी गडाच्या दारातल्या काटासुराला हरवायचं. काटासुराला बारा हात होते, पण त्याची खरी ताकद पायात होती. एक पाय तो कायम वजनकाट्याच्या मापं ठेवायच्या पारड्यात ठेवून असे, म्हणजे कितीही कापूस घातला तरी तो कमीच भरे. तो पाय उचलला, की कापूस पुऱ्या वजनानं विकला जाई आणि गेम जिंकला जाई.

योद्ध्याला संघर्षनं आपल्या आईचा, तुळसाबाईचा चेहरा दिला होता. तुळसाबाईचा सारा जन्म कापूस वेचण्यात गेला आणि तो पुऱ्या वजनानं विकलेला तिनं कधी पाहिला नाही. तिला एकदा जिंकलेलं बघावं, मग ते पडद्यावर का होईना, एवढीच त्याची इच्छा होती. एवढ्याशा इच्छेला समिती काय म्हणणार, असं त्याला वाटलं आणि तो गेम घेऊन यवतमाळच्या एसटीत बसला.

समितीनं गेमचे गुण-दोष तपासायला घेतले. गुण चहा यायच्या आत संपले. रंग प्रसन्न आहेत, संगीत कर्णमधुर आहे, गेममध्ये वीज जात नाही. मग दोषांची पाळी आली.

"हा राक्षस कुणावर बेतलाय?" किसनसिंग साहेबांनी विचारलं.

"कोणावरच नाही, सर. काल्पनिक आहे."

"काल्पनिक असता तर मी ओळखला असता का?"

समितीत निरनिराळ्या खात्यांचे लोक होते. प्रत्येकाला तो राक्षस आपल्यावरच बेतल्याचा संशय आला, आणि प्रत्येकानं तो शेजारच्यावर बेतला असल्याचं बोलून दाखवलं. प्रकरण हमरीतुमरीवर येतंय असं दिसल्यावर तोडगा निघाला. काटासुराचे दहा हात काढावेत, त्याला सफारी घालावी आणि त्याचं पदनाम 'समन्वयक' असं करावं. पायाबद्दल कुणीच काही बोललं नाही. त्यामुळे पाय होता तिथंच राहिला.

आता समन्वयकावर तलवार उगारणं म्हणजे सरकारी कामात अडथळा. म्हणून योद्ध्याच्या हातून तलवार काढून घेतली आणि तिथं निवेदन दिलं. निवेदन द्यायचं तर रांग आली. रांग आली म्हटल्यावर जंगल आड येऊ लागलं, म्हणून जंगल तोडलं. अळ्या दाखवल्यानं बियाण्याची बदनामी होते, सबब अळ्या वगळल्या. जादूगार एका मंत्रात शिवार हिरवं करीत असे. असली आश्वासनं द्यायचा अधिकार खासगी माणसाला देता येत नाही, या मुद्द्यावर त्यालाही घरी बसवलं.

संघर्ष प्रत्येक दुरुस्तीला मान हलवत होता. माय शेवटी जिंकतेय ना, मग बाकीचं जाऊ दे, असं तो मनाला समजावत होता. मन काही समजत नव्हतं, पण मान हलत होती.

मग मुंबईहून खास बोलावलेल्या मनोबल सल्लागार उर्वशी मॅडम म्हणाल्या, "इथे मेलेला योद्धा पुन्हा उठतो असं दिसतं. कुणाच्या आदेशानं?"

"मॅडम, सगळ्याच गेममध्ये उठतो."

"सगळ्या गेमचं मला सांगू नका. तो खरोखर मेला, हे ठरवलं कुणी?"

साहेबांनी लगेच गेममध्येच एक उपसमिती नेमायला लावली. योद्धा मेला, की उपसमिती कागदपत्रं तपासणार आणि मरण पात्र की अपात्र ते ठरवणार. अपात्र ठरलेल्याला मेलेला धरता येत नाही, त्यामुळे त्यानं उठून रांगेत शेवटी जाऊन उभं राहायचं. पात्र कुणीच ठरेना. परिणामी पूर्वीसारखेच सगळे उठत राहिले, आणि आपल्या मूळ गेममधलं काहीतरी टिकलं म्हणून संघर्षनं सुटकेचा निःश्वास टाकला.

शेवटचा दोष मॅडमनीच काढला. बाहेरगावच्या संवेदनशील नागरिकांना या गेममध्ये स्थानच नव्हतं. त्यांच्यासाठी नवी भूमिका तयार झाली: हळहळकर्ता. त्यानं रांगेच्या कडेला सावलीत खुर्ची टाकून बसायचं, रांगेकडे बघायचं आणि 'अरेरे' म्हणायचं. प्रत्येक 'अरेरे'ला दहा गुण. त्याला भूक नाही, तहान नाही, आणि मरणाचा तर प्रश्नच नाही.

संघर्षनं मुकाट्यानं पडद्यावर खुर्ची रेखाटली, सावली रेखाटली. मात्र एक कळ त्यानं कुणाला न विचारता ठेवली. ती दाबली, की हळहळकर्ता खुर्चीतून उठून काट्यापाशी जाई आणि समन्वयकाचा पाय पारड्यातून बाजूला करी. त्याचे सगळे गुण शून्य होत. हे पडद्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं. समितीनं ते वाचलं नाही, कारण ते वाचावं असा ठराव झालेला नव्हता.

लोकार्पणाला तुळसाबाईला मुख्य लाभार्थी म्हणून बोलावलं. शाल घातली, नारळ दिला, कॉम्प्युटरपुढे बसवलं. तिनं पडद्यावर आपला चेहरा पाहिला आणि लाजून पदर सावरला.

"संघर्ष, हे मीच ना रे बाप्पा?"

"हाव माय, तूच."

"मंग उभीच काहून हाये मी? चालून नाई राह्यली."

"रांग हाये माय."

"हे त मी बाभुळगावातबी करतो. त्याच्यासाठी अठी कायले आणलं मले?"

संघर्षनं तिच्या हातातला नारळ काढून बाजूला ठेवला.

"मंग मी जितीन कवा?"

"ते खुर्चीवर बसेल हायेत ना माय, त्यायच्यातल्या कोणीबी ती कळ दाबली, का तू जितली."

तुळसाबाईनं मागं वळून सभागृहाकडे पाहिलं. तिथं मांडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर मुंबई-पुण्याचे पाहुणे बसले होते, आणि झाडून सगळ्यांनी हळहळकर्त्याचीच भूमिका घेतली होती. तिनं हात जोडले.

"दाबा न बाप्पा कोणीतरी."

सभागृह हेलावलं. उर्वशी मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. साहेबांनीही 'अरेरे' म्हटलं. पाहुण्यांचे गुण भराभर वाढू लागले, आणि एकाचे तर इतके झाले की त्याला तिथल्या तिथं स्मृतिचिन्ह देण्यात आलं.

योजना यशस्वी झाल्याचा अहवाल वेळेत गेला. मनोबल उंचावलं; कुणाचं, हा रकाना त्यात नव्हता. शहरांतून गेमला अजूनही मोठी मागणी आहे. तुळसाबाई रांगेत आहे. पाय पारड्यात आहे.

आत्ता हे वाचताना ज्यांच्या तोंडून 'अरेरे' निघालं असेल, त्यांच्या खात्यात दहा गुण जमा करण्यात आले आहेत. कृपया खुर्चीतून उठू नये, गुण शून्य होतील.